लांडोरीची पाच अंडी

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. आमच्या वाळवंटातल्या काकराळो गावात भगताबद्दल वावगं कुणी बोलत नाही, आणि ह्यात भगताचं चुकलंय. नुसतं त्याचंच चुकलं असतं तर मी गप बसलो असतो. पण पंचांसमोर ज्यांनी हात वर केले त्यांत माझाबी हात होता. म्हणून लिहितो.

भगत म्हणजे दर सोमवारी तंबोऱ्यावर भजनं म्हणणारा वेरसी मेघवाड. आम्ही पोरं त्याला भगतकाका म्हणतो. इथं नुसतं वेरसी लिहितो, नाहीतर लिहिताना हात आखडतो.

सावण निम्मा सरला होता. आखाडात एक पाऊस झाला, त्याच्यावर गवार गुडघाभर वर आली, आणि मग आभाळ जे कोरडं पडलं ते पडलंच. टेकाडावरची वाळू सकाळी नऊलाच तव्यासारखी तापायची. गवारीची पानं कडेनं करपायला लागली होती. माणसं उभं पीक हिरवं आहे तोवर कापून शेरडांपुढं टाकत होती.

आमची विहीर दीडशे हात खोल. मोट ओढायला दोन गाढवं लागतात आणि दोन माणसं. एकानं गाढवं हाकत वाळूच्या वाटेनं पार लांब जायचं, दुसऱ्यानं विहिरीच्या तोंडाशी उभं राहून मोट आली की धरायची आणि डोणीत पालथी करायची. एक गाढव वेरसीचं, एक जुमन नोहडीचं. त्यांच्या बापांनी मिळून नाडा वळला, तेव्हापासून हे असंच. त्यामुळं भांडण झालं तरी पाणी एकत्रच काढावं लागतं. तोवर चाळीस दिवस झाले, वेरसी आणि जुमन एकमेकांशी बोलत नव्हते, आणि चाळीस दिवस रोज सकाळी दोघं मिळून मोट ओढत होते.

पण मोट तोंडाशी आली की ओरडून सांगावं लागतं, नाहीतर गाढवं पुढं जातात आणि मोट चाकावर आदळते. जुमननं त्याच्यावर तोड काढली. तो आपल्या गाढवाशी बोलायचा.

"ए भुऱ्या, थांब रं! मोट आली. तुज्यासंगट चाललाय त्याला कानानं कमी ऐकू येतं. तूच थांब."

तिकडून वेरसी गाढवं थांबवायचा आणि आपल्या गाढवाला मोठ्यानं सांगायचा, "काळ्या, त्याला म्हणावं, निम्मं पानी परत विहिरीतच सांडतंया. डोळं उघडं ठेव म्हणावं."

"भुऱ्या, सांग त्याला. डोळं उघडंच हायत. सगळं बघितलंय ह्या डोळ्यांनी."

घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका पदराआड हसायच्या. जुमन शेवटचं वाक्य बोलला की मात्र हसायच्या थांबायच्या. त्यानं काय बघितलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

जेठात मोर मरायला लागले होते. आधी मान वाकडी व्हायची, मग एका पायावर जागच्या जागी गोल फिरायचे, मग वाळूत चोच खुपसून पडायचे. मानमोडी. वेरसीच्या अंगणात त्याच्या बापाच्या काळापासून रोज सकाळी चाळीस-चाळीस मोर उतरायचे. चूल पेटायच्या आधी पहिली ओंजळ बाजरी त्यांची. दुष्काळात घरच्यांनी एकेक भाकरी कमी खाल्ली, पण ओंजळ चुकली नाही. लांडोरी त्याच्याच गवारीत, त्याच्याच कुंपणाच्या बुडाला अंडी घालायच्या. बाप जाताना एवढंच म्हणाला होता, "आंगण मोकळं पडू दिऊ नगंस." आता त्याच अंगणातून वेरसी रोज एकदोन मोर उचलायचा, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायचा, वर मूठभर मीठ टाकायचा आणि टेकाडापल्याड पुरून यायचा.

तेवढ्यात कुठूनसा एक जनावरांचा डॉक्टर आला. जीपमधून उतरलाबी नाही. म्हणाला, "कोंबड्यांपासून येतो हा रोग. कोंबड्या आणि मोर एकत्र ठेवू नका." आणि गेला.

एकत्र ठेवू नका, असं तो म्हणाला. मारा असं नाही म्हणाला. ते वेरसी म्हणाला.

कंडीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाखाली पंच बसले. गावात कोंबड्या मुसलमानांच्या चार घरांत. सगळ्यांत जास्त जुमनच्या बायकोच्या, सकीनाच्या. चौदा. अंडी देऊन ती दुकानातनं चहा, साखर, गोडेतेल आणायची. आमच्या गावात एकमेकांच्या मनाला लागेल असं कुणी वागत नाही. जुमनच्या घरात बापजन्मात गाय कापली नाही, आणि रोज्याच्या महिन्यात वेरसीच्या घरचं कुणी बाहेर उभं राहून पाणी पीत नाही. म्हणून वेरसी जेव्हा म्हणाला, "मोर ऱ्हायाला पायजेत तर कोंबड्या मारून पुरायला पायजेत," तेव्हा त्या चार घरांनी माना खाली घातल्या. गावचा प्रमुख नथू मुखी म्हणाला, "हात वर करा." आम्ही केले.

जुमननं स्वतः सुरी धरली. खायला कुणी मनाई केली नव्हती, पण सकीनानं एकीचीबी हंडी चढवली नाही. खड्डा खणून सगळ्या पुरल्या.

मोर मरायचे काही थांबले नाहीत. सावण निम्मा झाला तेव्हा गावात उरला होता एक म्हातारा मोर, शेपटी झडलेला, त्याला सगळे बांडा म्हणायचे. आणि एक लांडोर. ती वेरसीच्या गवारीत अंड्यांवर बसली होती.

शेत कापताना घरटं लागलं की त्याच्याभोवती चार हात गोल पीक तसंच उभं सोडायचं, ही आमच्याकडची रीत. वेरसीनं आठ हात सोडलं होतं. बाकी सगळं रान बोडकं आणि मध्ये तेवढा एक हिरवा गोल. रोज पाणी काढून झालं की तो लांबूनच बघून यायचा. जवळ जायचा नाही. लांडोरीच्या अंड्याला माणसाचा हात लागू नये म्हणतात. ज्याचा लागेल त्याच्या घरचं अन्न पाखरू खात नाही.

त्या दिवशी गोलाच्या तोंडाशीच त्याला पिसं दिसली. मग वाळूत ओढत नेल्याची रेघ. मग कोल्ह्याची पावलं. आत पाच अंडी तशीच होती. त्यानं वाकून हात जवळ नेला, न लावता. अजून ऊब होती.

तो तिथं किती वेळ उभा राहिला ते त्यालाच ठाऊक. ऊन चढत होतं. सावलीला लांडोर नसली तर दुपारपर्यंत अंडी वाळूत शिजणार होती. शेवटी त्यानं पागोटं सोडलं, पाचही अंडी एकेक करून त्यात ठेवली, आणि बोडक्या डोक्यानं गावाकडं निघाला. घरी नाही गेला. जुमनच्या कुंपणाशी गेला.

जुमन शेरडांमागं गेला होता. सकीना दारात गोधडीला टाके घालत बसली होती. वेरसी काटक्यांच्या बाहेरच थांबला.

"भाभी."

सुई थांबली नाही. "ते घरात न्हाईत. आन त्यांच्याशी बोलायचं असंल तर गाढव घिऊन ये."

"तुज्याकडंच आलोय."

"माज्याकडं आता काय ऱ्हायलंय न्यायला?"

वेरसीनं पागोट्याचा पदर बाजूला केला. सकीनानं मान वर केली, अंडी बघितली, त्याचं बोडकं डोकं बघितलं.

"लांडोर गेली," तो म्हणाला. "कोल्ह्यानं नेली. उबवायला खुडूक पायजे, भाभी."

"खुडूक?" ती हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "माज्या चौदा मारल्या तवा रोग कोंबडीचा हुता. आता ऊब कोंबडीची चालती व्हय रं भगत?"

वेरसीनं पागोट्याचा पदर पुन्हा अंड्यांवर ओढला.

"कोंबडी न्हाय माज्याकडं. तुमी गावानं मोजून पुरल्या."

"चौदा म्हणून मोजल्या," वेरसी म्हणाला. "तुमच्या खड्ड्यात तेरा हुत्या. माती मी वढली, भाभी."

आता सुई थांबली.

"मग तवाच का बोलला न्हाईस?"

"तेरा बघून झाल्यावर चौदावी मागायला तोंड झालं न्हाय."

सकीनानं सुई गोधडीत खोचली. मग उठली, आत गेली. आतून धान्याची पाटी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत तांबडी कोंबडी होती, पोटाची पिसं उपटलेली, अंग फुगवून खुरखुरत होती.

"चार दिस झालं, रिकाम्या वाळूवर बसलीया येडी. लांडोर किती दिस बसली हुती?"

"दहा."

"म्हंजे अठरा ऱ्हायलं." तिनं बोटांवर मोजलं. "बसंल. पन तुज्या आंगणात बसंल. माज्या आंगणात कुनी बघितली तर सुरी निघंल. तुज्या आंगणात बघितली तर भगताची म्हणून चार लोक दहा येळा इचार करतील."

वेरसीच्या घरात कोंबडी कधी आली नव्हती. त्याची बायको केसी बघतच राहिली.

"आता हे ऱ्हायलं हुतं! सासऱ्यानं बघितलं असतं म्हंजे?"

"बघितलं असतं तर आधी अंडी बघितली असती."

केसीनं तोंड वाकडं केलं, पण जागा तिनंच करून दिली. धान्याच्या खोपीमागं, निंबाच्या पाल्यावर कोरडी वाळू, त्यात अंडी, वर कोंबडी, आणि तिच्यावर डालगं पालथं.

सकीना रोज दोनदा यायची, सकाळी आणि दिवस कलताना. मोराचं अंडं मोठं, कोंबडीला ते उलटता येत नाही. म्हणून तिनं प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला कोळशानं रेघ ओढली होती. सकाळी रेघ वर, संध्याकाळी रेघ खाली. कोंबडीच्या पोटाखाली हात घालून, तिला शिव्या देत देत ती अंडी फिरवायची. "हाल गं बये, तुज्या बापाची हायत का! चोच मारतीया बघा कशी. मीच वाचवली हिला, आन मलाच मारतीया."

पहिले काही दिवस केसी तिला ताक द्यायची ते दाराबाहेरच्या वेगळ्या वाटीतनं. बाराव्या दिवशी वेगळी वाटी सापडली नाही म्हणून घरातली दिली. मग ती वेगळी वाटी पुन्हा कधी सापडलीच नाही.

अठराव्या दिवशी चार अंडी फुटली. पाचवं कुजकं निघालं. पिल्लं मातीच्या रंगाची, ओली, लांब पायांची. केसी तोंडाला पदर लावून रडली. वेरसीनं आंघोळ केली, तंबोरा काढला आणि भर सकाळी दोन भजनं म्हटली.

दुसऱ्यांदा चुकलं ते इथून पुढं.

दुसऱ्या दिवशी सकीना म्हणाली, "भगत, आता ह्यांना किडं पायजेत. कुंपणाच्या बुडाला वाळवी लागलीया. ढेकूळ उचल आन डालग्यात फोड."

वेरसी बाजरी भिजवत होता. "ह्या आंगणात जीव मारायचा न्हाय."

"आरं, मोर साप खातो, साप!"

"त्यो त्याचं त्यो खातो. माज्या हातानं न्हाय."

"मग डालगं तरी उचल. ती बया उकरून घालंल त्यांना."

"डालगं उचललं की गावाला कोंबडी दिसंल. आन ह्या मातीत किती मोर पडून मेल्यात ते बघितलंस न्हवं? हितली माती त्यांच्या तोंडाला लागू द्यायची न्हाय."

"मग काय भजन ऐकवून वाढवणार हायस?"

वेरसी चिडला नाही. त्याला वाटत होतं ते अगदी सरळ होतं. बापानं पाखरांना धान्यच घातलं. चाळीस मोर धान्यावर आले, धान्यावर राहिले. ते दिवसभर रानात काय वेचतात ते त्यानं लहानपणापासून बघितलं होतं, पण ते रानाचं. अंगणात पडतं ते दान, आणि दान म्हणजे धान्य. एकदा अंड्यांना हात लावून बसलो, आता आणखी एक पाप कशाला, असंबी त्याच्या मनात होतं. त्यानं बाजरी भिजवून वाटली. मटकीचं पीठ केलं. घरात कुणाला न देता दही घातलं. पिल्लं वाटीत पाय बुडवायची, दोन दाणे टिपायची आणि डालग्याच्या फटीतनं बाहेर बघत बसायची. कोंबडी दिवसभर पायानं पाला उकरायची. खाली काही नव्हतं.

चौथ्या दिवशी एक पिल्लू पंख पसरून पडलं होतं. वेरसीनं बोटभर चिंधीत गुंडाळलं, चिमूटभर मीठ घातलं आणि पुरून आला. सहाव्या दिवशी दुसरं. सातव्या दिवशी सकाळी तिसरं. राहिलेल्या एकाचे पाय पोटाखाली दुमडायला लागले होते.

सकीनानं आता बोलणं सोडलं होतं. यायची, बघायची, जायची.

त्या सातव्या दिवशी विहिरीवर वेरसी गाढवं हाकत वाटेच्या टोकाला गेला, आणि मागून हाक आली.

"वेरसी."

भुऱ्या नाही, काळ्या नाही. वेरसी. तो जागच्या जागी वळला, गाढवं मात्र चालत राहिली, आणि मोट चाकावर धाडकन आदळली. निम्मं पाणी जुमनच्या अंगावर.

वेरसी गाढवं वळवून विहिरीशी आला तरी जुमननं तोंडबी पुसलं नव्हतं. "किती गेली?"

"तीन."

"कशानं?"

वेरसी नाड्याकडं बघत राहिला.

"सकीना म्हणती उपाशी."

"वाटी भरून घालतोय रोज. घरात दही ठेवलं न्हाय, सगळं त्यांनाच."

"लेका, तान्ह्या पोरापुढं भाकरीची चळत ठेवलीस म्हणून ते जगतं का?" जुमन जवळ आला. "माजं ऐक. परवा आम्ही निघतोय. कालव्याकडं. शेरडं आता उभी ऱ्हाईनात, हितं गवताची काडी न्हाय. सकीना कोंबडी न्यायची म्हणती. तिच्याकडं तेवढीच हाय. नेली तर तुजं शेवटचं पिल्लू ऊब न्हाय म्हणून मरंल. ठेवली तर तू ते उपाशी मारणार. काय करू सांग."

 वेरसीला विचार करायला वेळबी मिळाला नाही. विहिरीवर बायकांनी ऐकलं होतं. पाण्याची घागर घरी पोचायच्या आत गोष्ट मुखीच्या दारात पोचली होती.

नथू मुखी आला तो दहाबारा माणसं घेऊन. मीबी होतो. वेरसी नुकताच अंगणात शिरला होता, जुमन त्याच्या मागं. सकीना कुंपणापलीकडनं धावत आली आणि काटक्यांना धरून उभी राहिली.

"भगत," मुखी म्हणाला, "खोपीमागं काय झाकलंयस?"

वेरसीनं लपवलं नाही. डालगं उचललं. कोंबडी अंग फुगवून बसलेली, आणि तिच्या पंखातनं बाहेर आलेली एक पिवळी चोच.

"कुनाची?"

"माजी," सकीना कुंपणापलीकडनं म्हणाली.

लोकांत गलका झाला. मुखीनं हात वर केला. "ऐकतोय मी, तीन पिल्लं मेली. म्हंजे रोग गेलेलाच न्हवता. हिच्यात हुता. जुमन, तुज्या बायकोनं गावाला फशिवलं. सुरी आण."

जुमन वेरसीकडं बघत होता. आम्ही सगळेच बघत होतो. त्यानं मान हलवायचीबी गरज नव्हती. तो नुसता गप राहिला असता तरी भागलं असतं. कोंबडी गेली असती, रोगाला नाव मिळालं असतं, आणि तीन पिल्लं कशानं मेली ते गावात कुणाला कधी कळलं नसतं. सोमवारी तंबोरा पुन्हा त्याच्याच हातात असता.

"कोंबडीनं न्हाय मारली," वेरसी म्हणाला.

"मग कुनी?"

"म्या."

मुखी म्हणाला, "भगत, तुजं मन मऊ हाय, म्हणून..."

"मऊ न्हाय. म्या मारली. किडं घाल म्हणून ह्या बाईनं दुसऱ्या दिशी सांगितलं. जीव मारणार न्हाय म्हणालो आन तीन जीव मारलं. एकाचीबी मान वाकडी झाली न्हवती, मुखी. पाय गेलं हुतं. पोट आत गेलं हुतं. म्या बघत हुतो, आन बाजरी वाटत हुतो." तो थांबला. मग आमच्या सगळ्यांकडं फिरून बोलला, एकेक शब्द तोडून. "आन त्या येळंलाबी डाक्टर मारा म्हणाला न्हवता. येगळ्या ठेवा म्हणाला हुता. मारा हे माजं. ते तुमी माजं म्हणून ऐकलं."

 वेरसी कुंपणाच्या बुडाशी गेला. तिथं जुन्या काटक्यांवर वाळवीनं माती चढवली होती. दोन्ही हातांनी त्यानं एक ढेकूळ उचललं आणि डालग्यापाशी आणलं.  त्यानं डोळे मिटले नाहीत. ढेकूळ फोडलं.

उन्हात पांढरी वाळवी वळवळायला लागली.

कोंबडी उठली. वेगळ्याच आवाजात टुकटुकली, एक किडा उचलून पिल्लापुढं टाकला, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. पिल्लू मान टाकून पडलं होतं. केसी दारातनं "खा गं बाई, खा" म्हणत होती. चौथ्या वेळेला पिल्लानं चोच उघडली. एक गिळला. मग पडल्या पडल्याच मान लांब करून दुसरा.

मुखीनं तोंड फिरवलं. जाता जाता म्हणाला, "सोमवारी भजनाला दुसऱ्याला बसवतो. ज्याच्या हातानं जीव जातो त्याच्या हातात तंबोरा नगं."

वेरसी म्हणाला, "बरं."

कोंबडीचं काही बोलला नाही मुखी. आम्ही सगळे त्याच्या मागं निघालो. मला वाटलं कुणीतरी काहीतरी बोलावं. बाकीच्यांनाबी तसंच वाटत असणार. कुणी बोललं नाही.

दोन दिवसांनी सकाळी जुमन निघाला. उंटावर खाट, खाटेवर भांडी, भांड्यांवर गोधड्या. शेरडं रस्त्याला लागली होती, त्यातली दोन जुमनच्या पोरींनी खांद्यावर घेतलेली. मागच्या वेळी दुष्काळात गेलेली माणसं दोन वर्षांनी आली होती, आणि काही आलीच नव्हती.

सकीना वेरसीच्या अंगणात आली. डालगं आता पालथं नव्हतं, बाजूला पडलं होतं. कोंबडी कुंपणाच्या बुडाला उकरत होती आणि ते एकलं पिल्लू तिच्या मागं लंगडत होतं. सकीनानं कोंबडी उचलली, पोटाची पिसं बघितली, चोचीवरची माती पदरानं पुसली, आणि खाली ठेवली.

"ठेवून चाललीया," ती केसीला म्हणाली. दुसरं काही म्हणाली नाही. उंटाकडं निघून गेली.

जुमन भुऱ्याला दोरी धरून घेऊन आला आणि दोरी वेरसीच्या हातात दिली.

"ह्याला कुटं?" वेरसी म्हणाला.

"कालव्यावर ह्याचं काय काम? एका गाढवानं मोट येत न्हाय. आन तुला बोलायला कुनीतरी पायजे."

वेरसी हसायला गेला, पण जमलं नाही. दोघं पिल्लाकडं बघत उभे राहिले. कंडीच्या झाडावरनं बांडा ओरडला, बसक्या आवाजात.

"मादी असंल का रं?" जुमननं विचारलं.

"इतक्यात कसं कळंल?"

"मादी असली तरी अंडी द्यायला तीन वर्सं. तवर त्यो बांडा ऱ्हातोय व्हय?"

"न्हाय ऱ्हायचा."

"मग?"

"मग काय. रोज सकाळी ओंजळ घालायची आन ढेकूळ फोडायचं."

उंट उठला. पोरी पुढं गेल्या होत्या, सकीना वळून बघत नव्हती. जुमननं भुऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि चालायला लागला. वेरसी गाढवाची दोरी धरून त्याच्याबरोबर गावाच्या शेवटच्या कुंपणापर्यंत गेला. तिथं थांबला.

"जुमन."

"बोल."

"भाभीची कोंबडी माज्या आंगणात दिवसाढवळ्या हिंडंल. तिला कुनी हात लावनार न्हाय, हा एक सबूद. आन दुसरा. हितनं कुनी कालव्याकडं निघालं तर त्याच्या हाती सांगावा धाडीन. पिल्लू जगलं तर जगलं म्हणीन, मेलं तर मेलं म्हणीन. आन मेलं तर कशानं मेलं, ते खरं सांगीन."